स्थूलता आणि सोबत

पवना नदीच्या काठचे रावेत हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. मावळच्या डोंगरांतून उतरलेली पवना येथे बंधाऱ्याने अडविलेली आहे, आणि पिंपरी-चिंचवड शहरास लागणारे बरेचसे पाणी महापालिका येथून उपसून नेते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. त्यामागून चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पुढे थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली; नदीपलीकडे हिंजवडीस संगणकावर कामे करणाऱ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. १९९७ साली रावेत महापालिकेच्या हद्दीत आले, आणि शेतांच्या जागी उंच इमारतींची वस्ती झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा दूरदूरच्या भागांतून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे आज ह्या वस्तीत शेजारी म्हणून राहतात.

ह्या स्थित्यंतराबरोबर मनुष्याच्या शरीराचेही स्थित्यंतर झाले. शेतावर राबणाऱ्या बापाची भाकरी मुलाच्या ताटात आली, किंबहुना तिच्याबरोबर वडा, बिस्किट आणि साखरेचा चहाही आला. परंतु बापाचे श्रम काही मुलाच्या वाट्यास आले नाहीत. कारखान्याच्या गाडीने कामावर जावे, आठ तास यंत्रापुढे किंवा पडद्यापुढे घालवावे, रात्रपाळी असल्यास अवेळी जेवावे आणि गाडीनेच परतावे, असा ज्याचा दिनक्रम त्याच्या कमरेचा घेर वाढल्यास नवल ते काय? त्यात आपल्या लोकांची शरीरप्रकृती अशी की, बाहेरून सडपातळ दिसणाराही आतून मेदस्वी असू शकतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ही गोष्ट मोठ्या मार्मिक रीतीने दाखवून दिली. त्यांनी आपले स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन काढण्याचा जो निर्देशांक आहे तो दोघांचाही २२.३, अगदी एकच. पण युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण शेकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१.२! म्हणूनच भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या पुढे गेली की वैद्य त्यास धोक्याची सूचना समजतात. मधुमेह आणि हृदयविकार हे पुष्कळदा ह्याच वाटेने घरात शिरतात.

स्थूलता हा काही नवा रोग नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारच्या निंद्य शरीरांचे वर्णन आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोघांची गणना असून, दोघांत कृश त्यातल्या त्यात बरा, असा निर्वाळा आचार्यांनी दिला आहे. अतिस्थूलाचे आयुष्य घटते, त्याची हालचाल मंदावते, त्यास भूक व तहान अनावर होते, असे दोष तेथे सांगितले आहेत. तेव्हा उपाय काय करावा हे मनुष्यास निदान दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. बेताने जेवावे व अंग हलवावे, एवढेच त्याचे सार. प्रश्न आहे तो उपायाचा नव्हे, उपाय टिकविण्याचा. पहिल्या आठवड्यातील उत्साह तिसऱ्या महिन्यात कोठे जातो, आणि तो जाऊ नये म्हणून निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लोकांनी काय केले, ह्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

अर्वाचीन काळातील पहिले प्रसिद्ध उदाहरण लंडनचे. विल्यम बँटिंग हा तेथील एक प्रतिष्ठित गृहस्थ. प्रेतसंस्काराची व्यवस्था लावणे हा त्याचा पिढीजात धंदा होता. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, १८६२ साली, त्याचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो झाले होते; उंची मात्र पाच फूट पाच इंच. बुटाची नाडी बांधण्यास वाकता येत नसे, आणि जिना उतरताना गुडघ्यांवर भार पडू नये म्हणून बिचारा पाठमोरा उतरत असे. कोणी नाव वल्हवावयास सांगितले, ते त्याने केले. परंतु त्याने भूकच अधिक वाढली. अखेर कानांच्या तक्रारीसाठी तो डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेला असता त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे ही वर्ज्य करावयास सांगितली. वर्षभरात त्याचे ४६ पौंड उतरले.

पण बँटिंगचे नाव इतिहासात राहिले ते ह्या ४६ पौंडांमुळे नव्हे. १८६३ साली त्याने आपला अनुभव एका पत्राच्या रूपाने स्वखर्चाने छापला आणि पहिल्या दोन आवृत्त्या फुकट वाटल्या. रस्त्यात व गाडीत लोक स्थूल माणसाची कशी टवाळी करतात, आणि त्यामुळे तो चारचौघांत जाणेच कसे टाळतो, हे त्याने त्यात मोकळेपणाने लिहिले. आपल्यासारखाच पीडलेला दुसरा कोणी बोलतो आहे हे पाहून देशोदेशींच्या वाचकांनी त्यास पत्रे धाडली, आणि पुढील आवृत्त्यांत त्याने ह्या पत्रव्यवहाराचाही समावेश केला. त्याचे आडनाव इंग्रजीत आहारनियमनाचे क्रियापद होऊन बसले. स्वीडिश भाषेत तर आजही वजन उतरविण्यास त्याच्याच नावावरून 'बांता' म्हणतात. दुःख एकट्याचे नाही एवढे कळल्यानेच मनुष्यास केवढा धीर येतो, ह्याचा हा पहिला दाखला होय.

महाराष्ट्रात त्या काळी शरीराची चिंता वाहण्याचे स्थान म्हणजे तालीम. तालमीतील ध्येय वजन उतरविण्याचे नव्हते, उलट बळ कमावण्याचे होते, हे खरे. परंतु नियम टिकविण्याची जी कला तेथे साधली होती तीच येथे प्रस्तुत आहे. कुस्ती एकट्याने होत नाही. जोडीदार लागतो, मातीत पाणी-तेल घालून ती खणावयास चार हात लागतात, आणि एखादा गडी दोन दिवस आखाड्यात दिसला नाही तर वस्ताद त्याच्या घरी निरोप धाडतो. जोर-बैठकांचा आकडा मोठ्याने मोजला जातो, म्हणून थकलेलाही आणखी दहा काढतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या परंपरेस संस्थांचे रूप आले. अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. १९२४ साली पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम स्थापन झाले. आकुर्डीहून आगगाडीने निघालेल्या रावेतकरास हे लोणावळे काही दूर नाही.

ह्या काळातील सर्वांत बोधप्रद कथा औंधच्या राजेसाहेबांची आहे. औंध म्हणजे रावेतच्या वाटेवरील पुण्याचे उपनगर नव्हे. सातारा जिल्ह्यातील, यमाईच्या डोंगराखालील, पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ सालचा. तरुणपणी त्यांनी युरोपातील सुप्रसिद्ध मल्ल सँडो याची व्यायामपद्धती स्वीकारली. त्या पद्धतीची साधने आणि पुस्तके मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे नेमाने अभ्यास केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि १९५१ साली देहावसान होईतो त्या व्यायामाचा त्यांनी अविश्रांत प्रसार केला.

ह्या दोन पद्धतींतील भेद विचारात घेण्यासारखा आहे. सँडोची पद्धती म्हणजे टपालाने आलेले पुस्तक, लोखंडी डंबेल आणि आरसा. तिचा उपासक आपल्या खोलीत एकटा. सूर्यनमस्कारास साधन लागत नाही, एवढेच नव्हे, तर ते दहाजणांनी एकत्र घातल्यास अधिक सुखाचे होतात. भवानरावांनी प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्रांचा उच्चार करण्यावर भर दिला. त्याचा धार्मिक अर्थ ज्याचा त्याने पाहावा. परंतु एका तालात, एका सुरात मंत्र म्हणणाऱ्या रांगेत मागे राहणाऱ्यासही पुढे जाणाऱ्यांचा ठेका सांभाळून नेतो, हे उघड आहे. राजेसाहेबांनी हा व्यायाम आपल्यापुरता ठेविला नाही. राणीसाहेब आणि मुलेबाळे यांस त्यात सामील करून घेतले, संस्थानातील शाळांत तो सक्तीचा केला, पुस्तके लिहिली. १९३६ साली ते विलायतेस गेले असता लुईझ मॉर्गन ह्या पत्रकर्त्रीने त्यांची हकीकत वृत्तपत्रात दिली, आणि १९३८ साली तिने संपादिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. स्त्रियांनी, विशेषतः प्रौढ स्त्रियांनी, व्यायाम करावा हे सांगण्यास त्या काळी धैर्य लागत असे. घरातील सर्वांनी मिळून नमस्कार घालावेत, ह्या त्यांच्या आग्रहामुळे ती गोष्ट सोपी झाली. सासू, सून आणि नात एकाच ओळीत उभ्या असल्या म्हणजे कोणी कोणास हसावे?

सोबतीचे हेच सामर्थ्य रावेतच्या शेजारी दर वर्षी ज्येष्ठ महिन्यात पाहावयास मिळते. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करून पुण्याकडे जाते. तुकारामपुत्र नारायण महाराजांनी १६८५ साली ही पालखीची परंपरा सुरू केली असे मानतात. वारकरी वजन उतरविण्यासाठी चालत नाही, आणि त्याच्या भक्तीस अशा हिशेबात ओढणे उचितही नव्हे. तथापि एरव्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत रिक्षाने जाणारा मनुष्य दिंडीत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, हे कशाच्या बळावर? दिंडीस क्रमांक आहे, तिच्यात विणेकरी आहे, टाळकरी आहेत, रांगेत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पाय दुखणाऱ्याचे ओझे दुसरा घेतो, मागे पडलेल्याची वाट पाहिली जाते. चालणे हे तेथे एकट्याचे कर्तव्य राहत नाही, सर्वांचा आनंद होतो.

केवळ वजन उतरविण्यासाठी मंडळी जमविण्याची कल्पना मात्र अमेरिकेत प्रथम रूढ झाली. १९४८ साली मिलवॉकी शहरी एस्थर मांझ ह्या गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरातील मेजाभोवती तीन मैत्रिणींसह एक मंडळ सुरू केले. गर्भवती स्त्रियांच्या वर्गात मिळणारा परस्परांचा आधार तिने अनुभवला होता, तोच येथे का मिळू नये, असा तिचा विचार. दर आठवड्यास वजन करावे आणि अनुभव बोलावे, एवढाच कार्यक्रम. हे मंडळ नफ्याच्या मागे न लागता आजतागायत चालू आहे.

त्यानंतर तेरा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जीन नायडेच ह्या गृहिणीची कथा घडली. तिचे वजन २१४ पौंड होते. दुकानात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईने तिला 'दिवस कधी भरणार' असे विचारले, आणि त्या प्रश्नाने तिच्या जिव्हारी घाव बसला. ती नगराच्या आरोग्यखात्याच्या चिकित्सालयात गेली. तेथील आहार उत्तम होता. परंतु रात्री उठून आपण बिस्किटे खातो आणि ती धुण्याच्या कपड्यांच्या टोपलीत दडवून ठेवतो, ही गोष्ट तेथील शिस्तीच्या बाईंपुढे बोलण्याचा तिला धीर होईना. १९६१ साली तिने आपल्यासारख्याच स्थूल अशा सहा मैत्रिणींस घरी बोलाविले आणि त्यांच्यापुढे हे कबूल केले. लगेच दुसरीने आपली दडविण्याची जागा सांगितली, मग तिसरीने. लाजेचे रूपांतर हास्यात झाले. जमाव आठवड्यागणिक वाढत गेला, आणि १९६२ च्या अखेरीस नायडेचबाईंचे वजन १४२ पौंडांवर आले. १९६३ साली ह्यातूनच 'वेट वॉचर्स' ही व्यापारी कंपनी निघाली. १९७८ साली ती हाइन्झ ह्या खाद्यपदार्थांच्या कंपनीने विकत घेतली. ज्यांनी पदार्थ विकावेत त्यांनीच त्यांपासून दूर राहण्याची शिकवण विकावी, असा चमत्कारिक योग त्यामुळे जुळून आला. पुढे भूक मंदावणारी नवी इंजेक्शने निघाली, आणि २०२५ साली ह्या कंपनीस कर्जाच्या पुनर्रचनेसाठी दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला. इंजेक्शनांचा गुण मोठा आहे, परंतु ती थांबविल्यावर उतरलेल्या वजनाचा बराच भाग परत येतो, असेही आढळून आले आहे.

महाराष्ट्रात ह्याच स्वरूपाची चळवळ अलीकडे झाली, आणि तिचे वैशिष्ट्य असे की, ती व्याख्यानांतून जन्मास आली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार हे वैद्यकातील पदवीधर. ढीगभर पदव्यांचे धनी, सनदी अधिकारी, आमदार आणि मंत्री म्हणून महाराष्ट्रास परिचित. वजन विनासायास कसे कमी करावे, ह्या विषयावर ते व्याख्याने देत असत. २००४ साली मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. तेव्हा ते पन्नाशीच्याही आत होते. त्यांचे विचार तेथेच लोपावयाचे. परंतु लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी २०१२ साली ते स्वतःवर करून पाहिले. तीन महिन्यांत आपले आठ किलो वजन उतरले, असे ते आपल्या व्याख्यानांत सांगतात. तेव्हापासून ते गावोगाव हा विषय समजावून देऊ लागले.

त्यांची पद्धती थोडक्यात अशी: मनुष्य जितक्या वेळा खातो तितक्या वेळा शरीरात इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी कराव्यात. आपल्याला खरी भूक कोणत्या दोन वेळी लागते ते ओळखावे, त्या दोनच वेळी जेवावे, आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे. शिवाय रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. हे तत्त्व सर्व आहारतज्ज्ञांस मान्य झाले असे नाही. दर दोन तासांनी थोडे थोडे खावे, असे सांगणारा पक्षही महाराष्ट्रात प्रबळ आहे, आणि ह्या दोन पक्षांचा वाद वृत्तपत्रांतून रंगलेला वाचकांस आठवत असेल. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने वैद्यास न विचारता जेवणाच्या वेळा बदलू नयेत, कारण रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचे भय असते, हेही येथे सांगणे अवश्य आहे.

परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते निराळेच. दीक्षितांनी शुल्क घेतले नाही. त्यांनी श्रोत्यांचे गट बनविले. भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या ह्या गटांत सभासद आपले वजन आणि कमरेचे माप कळवितात, शंका विचारतात, आणि जुने सभासद नव्यांस उत्तरे देतात. लग्नसराईत पंगतीचे आमंत्रण आले तर काय करावे, सासूबाईंनी आग्रहाने वाढले तर कसे नाकारावे, उपवासाच्या दिवशी साबुदाण्याचे काय, असे हे प्रश्न असतात. कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात न सापडणारी ही उत्तरे त्याच परिस्थितीतून गेलेला दुसरा मनुष्यच देऊ शकतो.

आता हे सर्व दाखले एकत्र ठेवून पाहिले असता एक विलक्षण गोष्ट दिसून येते. त्यांतील आहार परस्परांशी जुळत नाहीत. बँटिंगने भाकरी सोडली व मांस खाल्ले. नायडेचबाईंनी मोजून मापून तीन वेळा खाल्ले. दीक्षितांचे अनुयायी मापाची चिंता न करता दोनच वेळा जेवतात. आणि भवानरावांनी भर दिला तो व्यायामावर. तरीही ज्यांना ज्यांना यश आले, त्यांनी त्यांनी आपले शरीर हा गुपिताचा विषय ठेवला नाही. कोणी छापून सांगितले, कोणी मैत्रिणींस सांगितले, कोणी रांगेत उभे राहून दाखविले. आहार बदलला, पण सोबत कायम राहिली.

ह्यास शास्त्राचा आधार आहे काय? २०११ साली मेलबर्न येथील संशोधकांनी वजन उतरविलेल्या पन्नास स्थूल व्यक्तींची तपासणी केली. वजन उतरून वर्ष लोटले तरी भूक वाढविणारी द्रव्ये त्यांच्या रक्तात अधिक आणि तृप्ती देणारी द्रव्ये कमीच असल्याचे त्यांस आढळले. याचा अर्थ असा की, तिसऱ्या महिन्यात मनुष्य ढासळतो तो केवळ मनाच्या दुबळेपणामुळे नव्हे. गेलेला मेद परत मिळविण्यासाठी त्याचे शरीरच त्याच्याशी झगडत असते. अशा दीर्घ झगड्यात एकट्याच्या निग्रहावर सारा भार टाकणे म्हणजे एकाच बैलास नांगरास जुंपण्यासारखे होय.

सोबतीचा लाभ आकड्यांतही मोजला गेला आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात १६६ व्यक्ती होत्या. जे एकटे आले त्यांपैकी शेकडा ७६ जणांनी उपक्रम पुरा केला, आणि उतरलेले वजन पूर्णपणे राखले ते शेकडा २४ जणांनीच. जे तीन मित्रांसह आले आणि ज्यांस परस्परांस साह्य करण्याचे शिक्षण मिळाले, त्यांत हेच प्रमाण ९५ आणि ६६ भरले. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या इंग्लंडमधील प्रयोगात १,२६७ व्यक्तींचे तीन भाग केले होते. ज्यांस केवळ उपदेशाचे पुस्तक मिळाले त्यांचे वर्षाअखेर सरासरी ३.२६ किलो उतरले; जे बारा आठवडे मंडळात गेले त्यांचे ४.७५, आणि जे वर्षभर गेले त्यांचे ६.७६. दोन वर्षांनी तिन्ही गटांचे थोडेथोडे वजन परत आले, तरी क्रम तोच राहिला. आकडे फार मोठे नाहीत, हे ध्यानात ठेवावे. सोबत ही जादू नव्हे. ती केवळ तोल आपल्या बाजूस झुकविते.

हाच तोल उलट बाजूसही झुकतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण स्थूलतेसही लागू पडते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावाच्या आरोग्यविषयक नोंदींवरून १२,०६७ व्यक्तींचा बत्तीस वर्षांचा इतिहास तपासणारा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. एखाद्याचा मित्र स्थूल झाला असता तो स्वतः स्थूल होण्याचा संभव शेकडा ५७ ने वाढतो, असे त्यात दिसून आले. पाळी सुटल्यावर चौघांनी मिळून वडापावच्या गाडीवर थांबणे ही सोबतच, आणि चौघांनी मिळून नदीकडे चालत जाणे हीही सोबतच. मैत्री तीच; तिला कोणत्या वाटेने न्यावयाचे एवढेच माणसाच्या हाती असते.

सोबतीचे तिसरे रूप म्हणजे थट्टा, आणि ते सर्वांत घातक. आपल्या समाजात 'ढोल्या', 'जाड्या' अशी नावे लहानपणीच चिकटतात व म्हातारपणापर्यंत सुटत नाहीत. लग्नाच्या मुलीच्या वजनाची चर्चा चारचौघांत होते, बाळंतपणानंतर सुटलेल्या स्त्रीस घरचेच टोमणे मारतात. आणि हे सारे तिच्याच हितासाठी, असा समज असतो. तो खोटा आहे. इंग्लंडमधील २,९४४ प्रौढांच्या चार वर्षांच्या पाहणीत, वजनावरून हिणविले गेल्याचे ज्यांनी सांगितले त्यांचे वजन सरासरी ०.९५ किलोने वाढले, आणि इतरांचे ०.७१ किलोने उतरले, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. टोमण्याने पोट आत जात नाही. मनुष्य मात्र घराच्या आत जातो, आणि एकटा पडलेला मनुष्य अधिकच खातो. बँटिंगने दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेले दुःख हेच होते.

रावेतसारख्या नव्या वस्तीस हा इतिहास विशेष उपयोगाचा आहे. येथील पुष्कळ रहिवासी आपले गाव, भावकी आणि तालीम मागे सोडून आलेले आहेत. ज्या सोबतीने पूर्वी न बोलता माणसास सावरले, ती येथे जाणूनबुजून निर्माण करावी लागते. त्यास पैसा लागत नाही. एका जिन्यावरील किंवा एका पाळीतील पाच-सहा जणांनी एकत्र यावे. प्रथम वैद्याकडून रक्त तपासून घ्यावे. चालण्याची एक वेळ ठरवावी, आणि पाळी बदलली तर वेळ बदलावी, पण नेम बदलू नये. आठवड्यातून एकदाच, एकाच काट्यावर वजन करावे. रोजच्या चढउताराने मन विनाकारण खचते. वजन सर्वांपुढे सांगावयाचे की वहीत लिहावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. एकाने कमी खाण्याचा नेम केला असेल तर घरच्यांनी त्याच्यापुढे आग्रहाचे ताट करू नये. पाहुणचार प्रेमाने होतो, वाढपाने नव्हे. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीस ह्या गटात घ्यावेच, कारण घराचा आहार तिच्या हातून जातो, आणि तिची स्वतःची प्रकृती पाहण्यास बहुधा कोणास सवड नसते.

अशा मंडळाची खरी कसोटी पहिल्या महिन्यात लागत नाही, कारण तेव्हा सर्वांचेच वजन उतरत असते आणि उत्साहास तोटा नसतो. कसोटी लागते ती ज्याचे वजन परत वाढले आहे, आणि म्हणून ज्याने लाजेने येणे सोडले आहे, अशा सभासदाच्या बाबतीत. वस्ताद जसा आखाड्यात न दिसलेल्या गड्याच्या घरी निरोप धाडीत असे, तसा निरोप त्या दिवशी ह्या सभासदाच्या दारी गेला पाहिजे. त्यात वजनाची चौकशी नसावी. सकाळी निघावयाची वेळ तेवढी कळवावी.